अंगणवाडीच्या आधी लहान पोरांना शिकवायचं कोण?

कंकुंबीचा_पाऊस
नमस्कार मंडळी. एक विचारायचं आहे आणि थोडं मनही मोकळं करायचं आहे.

माझी नात साडेतीन वर्षांची. गेल्या महिन्यात तिला नर्सरीत घालायला म्हणून एका शाळेत घेऊन गेलो. बाईंनी रंगांचे तक्ते समोर धरले आणि इंग्रजीत विचारलं. पोर गप्प. दोनदा विचारलं, तरी गप्प. मग बाई सुनेला म्हणाल्या, "घरात काही शिकवलेलं दिसत नाही." सून रिक्षात एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर आत जाऊन रडली.

तीच नात रोज संध्याकाळी माझ्याबरोबर तांदूळ मोजायला बसते. माझ्या आज्जीचं पितळेचं मापटं आणि चिपटं माझ्याकडं आहे, खानापूरच्या घरातनं आणलेलं. दोन चिपटी ओतली की मापटं भरतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही, तिनंच ओतून ओतून काढलं. परवा मापटं शिगोशीग भरलं तर तळहात फिरवून वरचे दाणे खाली पाडले आणि म्हणाली, "आता बरोबर." आज्जी अगदी तसाच हात फिरवायची. मी मात्र तिला तसं कधी दाखवलेलं आठवत नाही, बघूनच उचललं असणार.

तर माझा प्रश्न असा. बालवाडी, अंगणवाडी यायच्या आधी सहा वर्षांखालच्या पोरांना घरातच जे काही यायचं, त्याला कुणी कधी शिक्षण म्हणून मानलं होतं का? ते कुठून सुरू झालं? ज्यांना इतिहास माहीत आहे त्यांनी लिहा. आठवणी असतील त्यांनीही लिहा, आपल्या भागातल्या असल्या तर फारच बरं.

निपाणीकर_७४
ताई, मापटं सोबत घेऊन जायला पाहिजे होतं.

जुनी_पाटी
ताई, आधी सुनबाईंना माझा निरोप सांगा, मनाला लावून घेऊ नका. मी बेळगाव तालुक्यात पस्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. पहिलीत आलेलं एकही पोर घरातनं रिकामं आलेलं मी बघितलं नाही. आपल्याला ते बघता येत नाही, एवढंच.

आता तुमचा प्रश्न. मानलं होतं, आणि फार पूर्वी मानलं होतं. कोमेनियस नावाचा एक शिक्षक आणि धर्मोपदेशक आजच्या चेक देशातल्या मोराव्हियात १५९२ साली जन्मला. युद्धात परागंदा झाला. साथीच्या रोगात बायको गेली, पोरं गेली. पुढं पोलंडमध्ये आश्रयाला असताना त्यानं सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना वाढवण्यावर एक पुस्तक लिहिलं, ते १६३३ साली जर्मन भाषेत छापून आलं. त्याच्या हिशेबात शिक्षणाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे, आणि त्यातली पहिली शाळा म्हणजे आईची मांडी. ही शाळा घरोघर असते, असं त्याचं म्हणणं.

त्यानं त्या शाळेचे विषयही सांगितले आहेत. उजेड आणि अंधार कळणं, रंग कळणं. डोंगर, शेत, ओढा यांची नावं घेता येणं, म्हणजे भूगोलाची सुरुवात. थोडं-जास्त, आखूड-लांब, जड-हलकं हे कळणं म्हणजे गणित आणि भूमितीची. तुमची नात शीग काढते, ते याच यादीत बसतं. ज्याची स्वतःची पोरं गेली त्या माणसानं परक्या देशात बसून हे लिहिलं, हे मला शिकवताना नेहमी आठवायचं.

वडगावचा_माग
आमचं घर विणकराचं. लहानपणी घरात अजून खड्डा माग होता. वडील खड्ड्यात पाय सोडून बसलेले, आई शेजारी राटावर कांड्या भरायची. मला तीन-चार वर्षांचा असताना एकच काम, रिकाम्या कांड्या गोळा करून आईपुढं ठेवायच्या आणि भरलेल्या वडिलांच्या हाताशी ठेवायच्या. काठाला तांबडा लागायचा तेव्हा वडील तोंडानं म्हणायचे, "तांबडं, तांबडं, पिवळं. तांबडं, तांबडं, पिवळं." मी चुकून पिवळी आधी दिली तर धोटा, म्हणजे मागावर कांडी घेऊन इकडून तिकडं धावतो तो, थांबायचा. रागवायचे नाहीत. नुसता धोटा थांबला की मला कळायचं.

रंग आणि मोजणं मी तिथं शिकलो. शाळेत गेल्यावर गुरुजींनी मणी ओवून पुढचा कुठला येईल ते विचारलं, तर मला वाटलं हे तर घरातलंच आहे. शहापूर-वडगावच्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, हेच सांगतील.

वैद्य_बेळगाव
जुनी_पाटी सरांनी युरोपचं सांगितलं, मी आपल्याकडचं जोडतो. चरकसंहितेच्या शारीरस्थान या भागात बाळाच्या खोलीचं आणि खेळण्यांचं वर्णन आहे. खेळणी रंगीबेरंगी असावीत, हलकी असावीत, आवाज करणारी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जाण्याइतकी लहान नसावीत, भीतिदायक दिसणारी नसावीत. आणि लगेच पुढं म्हटलंय की मूल रडतंय किंवा जेवत नाही म्हणून त्याला राक्षस, पिशाच्च, पूतना यांची नावं घेऊन घाबरवू नये.

ही सूचना ज्यांच्यासाठी आहे ते घरातलेच लोक आहेत. म्हणजे लहान मूल घरात कसं वाढवायचं याचा नीट विचार आपल्याकडं वैद्यकात झालेला होता. माझ्याकडं येणाऱ्या आयांना मी हे आजही सांगतो.

जोगुळ_आणि_ओवी
वैद्यकाका, तुमचं वाचून सासूबाईंना वाचून दाखवलं, दोघी हसलो. आमच्या घरात बागुलबुवा पण आहे आणि गुम्मा पण आहे! माझं माहेर बैलहोंगलचं, कन्नड. सासर मराठी. थोरला जेवायचा नाही तेव्हा सासूबाई म्हणायच्या बागुलबुवा येईल, आणि माझी आव्वा आली की म्हणायची "गुम्मा बंद," म्हणजे गुम्मा आला. पोरगं बिचारं दोन भाषांत घाबरायचं. आता दोघींनाही बंदी घातली.

पण झोपवताना मात्र दोन्ही लागतं. मी जोगुळ म्हणजे कन्नड अंगाई म्हणते, सासूबाई ओवी म्हणतात. सासूबाईंच्या ओव्या जात्यावरच्या. जातं आता कोपऱ्यात पडून आहे, पण ओवी म्हणताना त्यांचा हात अजून खुंटा धरल्यासारखा फिरतो. धाकटी अडीच वर्षांची, ती दोघींची चाल बरोबर ओळखते. मी ओवी म्हणायला गेले तर "तू नको, आज्जी" म्हणते.

हलगा_रस्ता
हे सगळं ठीक आहे, पण मुद्दा तिथंच येतो ना. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. तीन वर्षांच्या पोरावर किती भाषा टाकायच्या? माझं मत स्पष्ट आहे, सहा वर्षांपर्यंत फक्त मराठी. आमच्या मुलाला शेजारच्या अंगणवाडीत घातलं तर महिन्याभरात घरी येऊन "नीरु कोडु" म्हणायला लागला. पाणी म्हणायचा बंद झाला. त्या दिवशी मी जेवलो नाही.

जुनी_पाटी
हलगा_रस्ता, तुमचं दुःख मला कळतं. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, त्यानंतर इकडं शिकवणाऱ्या प्रत्येक मराठी शिक्षकानं ते बघितलंय. पण यातला जुना वाद सांगतो.

रोममध्ये पहिल्या शतकात क्विंटिलियन नावाचा शिक्षक होता. त्यानं लिहिलं की मुलाची दाई शुद्ध बोलणारी बघून ठेवा, कारण पहिले शब्द मूल तिच्या तोंडून घेतं. आणि भाषेबद्दल म्हणाला, सुरुवात ग्रीकनं करा, लॅटिन तर चहूकडं कानावर पडतेच, ती नको म्हटलं तरी येईल. पण लगेच सावधही केलं, नुसती ग्रीकच फार काळ लावून धरू नका, नाहीतर लॅटिन बोलताना परका हेल लागेल. दोन्ही लवकरच बरोबरीनं चालू द्या.

त्याच्या तर्कानं आपल्याला काय मिळतं बघा. जी भाषा गल्लीत आपोआप मिळते तिची काळजी नको. जी गल्लीत मिळत नाही ती घरानं जाणीवपूर्वक द्यायची. म्हणजे तुम्ही घरात मराठी भरपूर बोला, गोष्टी सांगा, पोर "नीरु" म्हणालं तर त्याला "पाणी" म्हणून पाणी द्या. रागावू नका. दोन हाका मारल्या तर दोन्हीला ओ देणारं पोर होईल.

हलगा_रस्ता
सर, तर्क पटला. जीव अजून पटवून घेत नाही. बघतो.

अनगोळ_दादा
माध्यमाबद्दल एक वस्तुस्थिती राहायला नको. सुप्रीम कोर्टानं मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितलं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच घ्या अशी सक्ती सरकारला करता येणार नाही, निवड पालकांची. म्हणजे निवड शेवटी घराच्याच हातात आली. आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा वर्षांपासून पुढं. सहाच्या आतलं पोर कायद्यानंही मुख्यतः घराच्या ओटीतच ठेवलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एक टप्पा धरलाय, तो आपल्या गावात कसा उतरतो ते बघायचं.

थोरली
सगळं वाचलं. आईची मांडी, ओव्या, पितळेचं मापटं. छान लिहिताय सगळे. पण माझं ऐका.

मी घरात थोरली. खानापूर तालुक्यातलं गाव, भाताचा मुलूख. मृगाचा पाऊस लागला की आई रोप लावायला जायची, पहाटे गेली की दिवे लागणीला यायची, पाय पांढरे फटक पडलेले. आईची मांडी मोकळी कधी होती? भाऊ आठ महिन्यांचा, मी आठ वर्षांची. तिसरीतनं मला काढलं. भाऊ माझ्या कमरेवर. त्याला पेज मी भरवली, पायावर घेऊन न्हाऊ मी घातलं, बोलायला मी शिकवलं. उंबऱ्यावर चिंचोके मांडून मोजायला मीच शिकवलं, दहापर्यंत, कारण पुढचं मलाच पक्कं येत नव्हतं. तो पाचव्या वर्षी शाळेत गेला तेव्हा गुरुजी बाबांना म्हणाले, पोरगं हुशार आहे, घरात चांगलं शिकवलंय. बाबा मान हलवून हसले. मी दाराआड उभी होते.

मला परत शाळेत घातलं नाही. भावावर माझा राग नाही, त्यानंच मला हे टाइप करायला शिकवलं. पण घरातल्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना आई आणि आज्जी लिहाल, तर त्या घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीही लिहा. गावोगाव मास्तरीण त्याच होत्या, आणि त्यांची स्वतःची शाळा त्यातच गेली.

कंकुंबीचा_पाऊस
थोरली, बाई, तुझं वाचून मी दोन तास काही लिहू शकले नाही. माझ्या आत्याचंही हेच झालं. आम्ही तिला नुसतं "लेकरांची भारी हौस हिला" म्हणायचो.

शिक्षणाचा_विद्यार्थी
थोडं वेगळं मत मांडतो. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली मांडलं की मध्ययुगात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती, पोर पायावर उभं राहिलं की छोटा मोठा माणूस म्हणून कामाला. थोरलीताईंचं वाचून मला तेच आठवलं. मग पूर्वीच्या घरातल्या त्या कामाला शिक्षण म्हणणं म्हणजे आजचं नाव मागं नेऊन चिकटवणं नाही का?

जुनी_पाटी
आरिएस यांना नंतर उत्तरंही मिळाली. १९८३ साली लिंडा पोलॉक यांनी १५०० ते १९०० या काळातल्या ब्रिटिश आणि अमेरिकन रोजनिश्या, आत्मचरित्रं शेकड्यांनी वाचून दाखवलं की आईबाप तेव्हाही पोरांत जीव अडकवून होते, त्यांच्या आजारपणानं हवालदिल होत होते, त्यांना काय शिकवायचं याची चिंता करत होते. माया होती आणि कामही होतं. थोरलीच्या गोष्टीत दोन्ही आहेत.

थोरली, तू जे लिहिलंस त्याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांच्याबद्दल लिहितो. फ्रान्सच्या डोंगराळ भागात वाल्डर्सबाख नावाच्या गावी ओबरलिन हा पाद्री होता. १७७० च्या सुमारास सारा बांझे या तरुणीनं पोरांना गोळा करून विणकाम करत करत गोष्टी, गाणी, झाडांची नावं शिकवायला सुरुवात केली, ओबरलिननं त्याची शाळा केली. आया शेतात, म्हणून.

आणि आपल्याकडं बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत खेड्यातल्या पोरांसाठी काम सुरू झालं, सोबत अनुताई वाघ. १९५७ साली दोघी कोसबाडला गेल्या, आदिवासी पाड्यांत. पोरं बालवाडीत येईनात, तर यांनी बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातनं आला. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. आणि थोरल्या बहिणी धाकट्यांमुळं अडकतात हे बघून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिचं नाव विकासवाडी. कमरेवरचं बाळ पाळण्यात, आणि तू तिसरीत. तुझ्या गावात ते पोचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

थोरली
सर, हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी आमचा विचार करून शाळा बांधली होती, एवढं कळलं तरी बरं वाटलं.

निपाणीकर_७४
आता जरा मोठं लिहितो. आई बिड्या वळायची. घरातच, दारात सूप मांडीवर घेऊन. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायची, दोऱ्यानं बांधायची. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारावर. म्हणजे चाळीस कट्टे झाले की आईचा हजार. मला शाळेत जायच्या आधी पंचवीस, पन्नास, पाऊणशे, शंभर तोंडपाठ, कारण आई कट्टे माझ्यापुढं चार-चारच्या ढिगात लावायची. चार कट्टे म्हणजे शंभर. दहा ढीग झाले की आई पाठ सरळ करायची.

जर्द्याच्या वासात पोरं वाढली हे चांगलं नव्हतं, आईचा खोकला मी विसरलो नाही. पण शंभर म्हणजे केवढं, ते मला अजून त्या ढिगानं दिसतं.

वडगावचा_माग
निपाणीकर, आमच्याकडं संध्याकाळी पर्वचा पण होती, म्हणजे पाढ्यांची उजळणी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजोबा मोडी लिहायचे, धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवून घ्यायचे. औटकीला माझी जीभ अडकायची.

जोगुळ_आणि_ओवी
औटकी म्हणजे साडेतीनची ना? आमच्यात पाढ्याला मग्गी म्हणतात. साडेतीनची मग्गी मी कधी ऐकली नाही. सासूबाईंना येते! आत्ता पंधरा औटं विचारलं, "साडेबावन्न" म्हणाल्या, भाकरी थापता थापता.

चिकोडीची_अंगणवाडी_ताई
मी या कामात एकोणीस वर्षं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आपल्या कर्नाटकात म्हैसूर भागातल्या टी. नरसीपूरला. प्रशिक्षणात आम्हाला हे सांगतात. जर्मनीच्या फ्रोबेलचंही सांगतात. त्यानं १८३७ मध्ये लहान पोरांसाठी जागा सुरू केली, १८४० मध्ये तिला मुलांची बाग म्हणजे किंडरगार्टन नाव दिलं. त्याची आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेली. आया बाळाशी बोटांचे, टाळ्यांचे खेळ खेळतात ते त्यानं बघितले आणि १८४४ साली आयांसाठी गाण्यांचं आणि खेळांचं पुस्तक काढलं. आपण करंगळीपासून काखेपर्यंत बोटं चालवत नेऊन गुदगुल्या करतो ना, तसलेच खेळ. म्हणजे घरातनं शाळेत नेलं, आणि आता शाळा घरच्यांना म्हणते तुम्हाला काही येत नाही. याचा मला संताप येतो.

पण मी लिहायला आले ते वेगळ्या कारणानं. फ्रोबेलनं पोरांसाठी खेळणी तयार केली, त्यांना तो देणग्या म्हणायचा. तिसरी देणगी म्हणजे लाकडी चौकोनी ठोकळा, तो सुटा केला की आठ छोटे ठोकळे होतात. अर्धा, पाव, अष्टमांश पोराला हातानं कळावं म्हणून.

पहिल्या पोस्टमधल्या मावशी, तुमचं माप बघा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. म्हणजे शेरात कोळवी किती? आठ. तुमच्या आज्जीच्या मापात तिसरी देणगी आहे. मी काल माझ्या अंगणवाडीत वाटी आणि तांब्या घेऊन हेच करून बघितलं, बावीस पोरं तासभर हलली नाहीत. तांदूळ सांडला, तो चिमण्यांना घातला.

कंकुंबीचा_पाऊस
ताई, तुमचं वाचून मी तशीच उठले. माझ्याकडं कोळवं आणि शेर नव्हता. खानापूरला मावसबहिणीला फोन लावला, तिच्या माळ्यावर दोन्ही निघाले, कोळव्याला थोडा चेप आहे. काल मुलगा जाऊन घेऊन आला. सुनेनं चिंच लावून घासले.

रात्री जेवणं झाल्यावर सुनेनंच अंथरुणाची चादर खाली पसरली आणि नातीला समोर बसवलं. मी लांब बसले. चेपलेल्या कोळव्यानं नात ओतायला लागली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. पाचाला थांबली, आईकडं बघितलं. आईनं काही सांगितलं नाही, नुसती वाट बघितली. सहा. सात. आठवं ओतलं, शेर भरला, पण काठाला थोडा उणा राहिला, चेपामुळं. तिनं सांडलेले दाणे वेचून वर टाकले, तळहात फिरवला आणि म्हणाली, "एंटु."

शेजारच्या अक्कांकडनं उचललंय. सून हसली, म्हणाली, "आठ." नात म्हणाली, "आठ. एंटु." आणि शेर उलटा केला, पुन्हा पहिल्यापासून.

थोरली
आत्या असेल तर तिलाही शेजारी बसवा.

कंकुंबीचा_पाऊस
आत्या ब्याऐंशीची आहे, नंदगडला असते. रविवारी घेऊन येतो.